लेपाआधी सावली

उन्हाने भाजलेल्या कातडीवर काय लावावे, याचे उत्तर आपल्याकडे घरागणिक बदलते. कुणी कोरफडीचा गर सांगते, कुणी गार ताकात भिजवलेले फडके, कुणी काकडीचा कीस, कुणी उगाळलेले चंदन, कुणी मुलतानी माती. एप्रिल लागला की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत हीच यादी नव्या चित्रांसह पुन्हा छापून येते. त्यातल्या काही गोष्टी खरोखर आराम देतात, काहींचा उपयोग नाही आणि एकदोन तर घातक आहेत. पण माझी तक्रार त्याहून मोठी आहे. या यादीने आपल्याला भाजून झाल्यावर धावपळ करायला शिकवले. आपल्या जुन्या रहाटीतले खरे शहाणपण भाजण्याच्या आधीचे होते, आणि ते मात्र आपण झपाट्याने घालवून बसलो आहोत.

उन्हाने कातडी भाजते म्हणजे काय होते, ते आधी नीट समजून घ्यायला हवे. तव्याला हात लागला तर त्याच क्षणी कळते आणि हात आपोआप मागे येतो. उन्हात तसे होत नाही, कारण हे काम उष्णतेचे नाही. सूर्यप्रकाशातले अतिनील किरण ते करतात आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत, अंगाला जाणवतही नाहीत. जर्मनीतल्या येना शहरात योहान विल्हेल्म रिटर याने १८०१ मध्ये त्यांचा शोध लावला. सिल्व्हर क्लोराइड हा पदार्थ वर्णपटातल्या जांभळ्या रंगाच्याही पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नाही तिथे, सर्वांत लवकर काळा पडतो, हे त्याने पाहिले. तरी कातडी भाजण्याचा दोष या किरणांतल्या एका अरुंद पट्ट्याकडे जातो, हे मोजून दाखवायला १९२२ साल उजाडावे लागले. हाउसर आणि फाले या दोन जर्मन संशोधकांनी ते दाखवले.

हे किरण पेशीच्या केंद्रकात शिरतात आणि तिथल्या डीएनएची साखळी जागोजाग बिघडवतात, शेजारचे दोन दुवे एकमेकांना चिकटवून टाकतात. बिघाड दुरुस्त करण्याची शरीराची स्वतःची यंत्रणा आहे, ती लगेच कामाला लागते. फार बिघडलेल्या पेशी मरतात. दाह सुरू होतो, रक्तवाहिन्या रुंदावतात, कातडी तापते, हुळहुळते. पण हे सगळे दिसायला तीन ते पाच तास लागतात आणि त्रास शिगेला पोचतो तो बारा ते चोवीस तासांनी. म्हणजे संध्याकाळी घरी येऊन आपण आरशात पाहतो तेव्हा इजा होऊन गेलेली असते. कोणताही पाला, कोणताही गर, कोणतेही मलम ती मागे फिरवू शकत नाही. सावळ्या कातडीवर तर लालीही नीट दिसत नाही. कातडी गरम लागते, ताणल्यासारखी होते, शर्टाची कॉलर सोसवत नाही, आणि तरी माणूस म्हणतो की मी फक्त रापलो. आपल्या सावळेपणाचे संरक्षण खरे आहे, पण ते अर्धवट आहे. आणि अंगावर कोड असलेल्या किंवा जन्मतः रंगद्रव्य नसलेल्या माणसांना तर तेवढेही नसते.

आपल्या घरगुती उपायांमागचा विचार मात्र पूर्णपणे उष्णतेचा आहे. अंग तापले, म्हणून वरून थंड गुणाचे काही लावायचे. वाळा, चंदन, काकडी, ताक हे सारे त्याच विचारातून आले. त्यातून दोन गैरसमज पक्के झाले. पहिला असा की हवा गार असेल तर ऊन भाजत नाही. डिसेंबरात कळसूबाईच्या वाटेवर गार वारा लागत असतो, म्हणून पोरे अर्ध्या बाह्यांत चढतात आणि रात्री मानेला हात लावू देत नाहीत. लेहला गेलेल्या पर्यटकांची गत त्याहून वाईट होते. उंची हजार मीटरने वाढली की अतिनील किरणांची तीव्रता साधारण दहा टक्क्यांनी वाढते आणि ताजा बर्फ त्यांतले ऐंशी टक्क्यांपर्यंत किरण परत अंगावर फेकतो. विरळ ढगांतूनही बरेचसे किरण खाली येतात. दुसरा गैरसमज असा की थंड वाटले म्हणजे बरे झाले. हा अधिक फसवा आहे, कारण त्यात अर्धे सत्य आहे.

थंडावा हा उपचारच आहे, त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. भाजलेल्या अंगावर दहा-पंधरा मिनिटे साधे गार पाणी सोडावे, नाही तर धुतलेले सुती फडके माठाच्या पाण्यात भिजवून ठेवावे आणि दिवसातून चार-पाच वेळा तेच करावे. याहून चांगला घरगुती उपाय मला माहीत नाही. तो फुकट आहे आणि सर्वांना जमणारा आहे. भाजलेली कातडी पाणी लवकर गमावते, म्हणून पीतही राहावे. ताक, कोकमाचे सरबत, कैरीचे पन्हे यांची जागा अंगावर नाही, पोटात आहे. बर्फ मात्र थेट घासू नये. आधीच दुखावलेल्या कातडीला त्याने दुसरी इजा होते.

पुदिन्याचा रस आणि टूथपेस्ट यांचे प्रकरण वेगळे आहे. पुदिन्यातला मेंथॉल मज्जातंतूंच्या टोकांवरच्या थंडी ओळखणाऱ्या प्रथिनाला चेतवतो, त्यामुळे मेंदूला गार लागल्याचा निरोप जातो. तापमान आणि स्पर्श ओळखणाऱ्या अशा प्रथिनांवरील कामासाठी डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापूटियन यांना २०२१ चे नोबेल मिळाले. निरोप गारव्याचा असतो, कातडी तितकीच गरम राहते. शिवाय टूथपेस्टमधले फेस आणणारे आणि घासणारे पदार्थ हुळहुळीत कातडीला झोंबतात. ती दातांसाठीच ठेवावी.

कोरफडीविषयी थोडे विस्ताराने बोलायला हवे, कारण या यादीत सर्वांत भक्कम दावा तिचाच आहे आणि सर्वांत निष्काळजीपणे वापरली जाते तीही तीच. कोरफडीच्या एका पानात दोन वेगवेगळे द्रव असतात. आतला नितळ गर जवळजवळ सगळा पाणीच आहे, त्यात बहुशर्करांचा बुळबुळीत अंश असतो आणि तो कातडीवर ओलावा धरून ठेवतो. सालीलगत मात्र पिवळा, कडू चीक असतो. हा चीक आटवून काळा बोळ करतात, त्याचा उपयोग रेचक म्हणून होतो. हाच चीक अंगावर लागला तर अनेकांना खाज सुटते, पुरळ उठते. म्हणून पान कापल्यावर ते उभे धरून पिवळा चीक पूर्ण निथळू द्यायचा, पान धुवायचे, साल जाडसर काढायची, गर पुन्हा धुवायचा आणि मगच लावायचा. जुन्या बायका हे न सांगता करत. पान मोडून थेट गालावर घासण्याची रीत अलीकडची आहे.

गुणाचे काय? १९३५ मध्ये अमेरिकेत क्ष-किरणांनी झालेल्या त्वचेच्या दाहावर ताजी कोरफड वापरल्याचा अहवाल छापून आला आणि तिथून आधुनिक वैद्यकाचे तिच्याकडे लक्ष गेले. उन्हाने भाजण्याबाबत मात्र पुरावा एका दिशेचा नाही. थायलंडमध्ये २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत कोरफडीच्या मलमाने भाजणे रोखलेही नाही आणि बरेही केले नाही. जर्मनीत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या चाचणीत जवळजवळ शुद्ध गर बंद पट्टीखाली दोन दिवस ठेवल्यावर लाली कमी झाली. मी यातून असा अर्थ काढतो की नीट साफ केलेला गर गार वाटेल, ओलावा देईल, कदाचित दाह थोडा उतरवेल. एवढेही पुरे आहे. पण त्याने डीएनए दुरुस्त होत नाही, आणि उद्या पुन्हा उन्हात जायची मोकळीक तर त्याने मुळीच मिळत नाही.

मुलतानी माती वाळताना कातडी ओढते आणि ती काढताना घासावी लागते. भाजलेल्या अंगावर हे दोन्ही नको. दही-ताक गार असते, पण कातडी फुटली असेल तर झोंबते आणि जंतूंना वाट करून देते. तेल-तूप पहिल्या दिवशी नको, आग शमल्यावर, कातडी सोलायला लागली की खोबरेल हलक्या हाताने लावायला हरकत नाही. चंदनाने काहींना ॲलर्जी होते. सुटणारी कातडी ओढून काढू नये, फोड फोडू नयेत. मोठे फोड, ताप, थंडी वाजणे, उलट्या, भ्रम यांपैकी काहीही दिसले तर घरच्या उपायांचा अध्याय संपला, दवाखाना गाठायचा.

आणि लिंबू. या एका गोष्टीवर मला कळकळीने सांगायचे आहे. काळवंडलेल्या कातडीवर लिंबू चोळा, हा सल्ला इतक्या वेळा छापला गेला आहे की तो चुकीचा असेल असे कुणाला वाटतच नाही. लिंबाच्या सालीत आणि रसात फ्युरोकुमरिन गटातली द्रव्ये असतात. ती कातडीवर असताना ऊन पडले की ती किरण शोषून पेशींवरच उलटतात. एकदोन दिवसांत लाल चट्टे, फोड येतात आणि त्यांच्या जागी तपकिरी डाग महिनोन्महिने राहतात. जो डाग घालवायला लिंबू लावले त्याहून गडद डाग पदरी पडतो.

हे आपल्याला नवे असायला नको होते. आपल्या वैद्यकात बावचीचा लेप कोडाच्या डागांवर लावून मग ऊन देण्याची जुनी पद्धत आहे. बावचीत त्याच गटातले सोरालेन आहे. म्हणजे वनस्पतीचा रस आणि ऊन एकत्र आले की कातडीवर तीव्र परिणाम होतो, हे आपल्या वैद्यांनी शतकांपूर्वी ओळखले होते, आणि त्याचा उपयोग मोजूनमापून, एका ठरावीक रोगासाठी, रंग आणण्यासाठी केला होता. ते ज्ञान मागे पडले आणि वनस्पतीचे आहे म्हणजे निरुपद्रवी आहे, हे वाक्य तेवढे पुढे आले. गोळ्यांच्या बाबतीतही हीच सावधगिरी हवी. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून चालल्यावर लेप्टोस्पायरोसिसपासून बचावासाठी डॉक्टर मुंबईत डॉक्सिसायक्लिन देतात. त्या गोळीने कातडी उन्हाला हळवी होते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही होते. औषध देणाऱ्याला हे विचारून घ्यावे.

घरगुती उपायांची अशी चिकित्सा केली की काहींना तो परंपरेचा अपमान वाटतो. त्यांना मी हळदीच्या पेटंटची आठवण करून देईन. १९९५ मध्ये जखमा भरून येण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट अमेरिकेत दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने त्याला आव्हान दिले, जुने ग्रंथ आणि १९५३ मधला एक भारतीय शोधनिबंध पुढे ठेवला आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. त्या विजयाचा अभिमान मलाही आहे. पण तिथे सिद्ध झाले ते एवढेच की हळदीचा हा उपयोग भारतात आधीपासून माहीत होता. हळद किती गुणकारी, कोणत्या जखमेवर, कोणत्या मात्रेत, हा तिथला प्रश्नच नव्हता. मालकी आपली ठरली म्हणून तपासणीची जबाबदारी संपली नाही, उलट ती आपलीच झाली. आणि त्या लढाईत उपयोगी पडले ते लिहून ठेवलेले, छापलेले पुरावे.

उन्हावरच्या आपल्या उपायांत आणखी एक गोष्ट मिसळली आहे, आणि तिने सगळेच बिघडवले आहे. बेसन, लिंबू, बटाट्याचा रस, खाण्याचा सोडा या मिश्रणांचा हेतू आग शमवणे हा नसतोच, रंग उजळणे हा असतो. 'टॅन काढणे' हे त्याचे आजचे नाव. ऊन लागल्यावर कातडी जे मेलॅनिन तयार करते त्याचे कण पेशीच्या केंद्रकावर टोपीसारखे जमतात आणि डीएनएला झाकतात. शरीराने इजेनंतर उभारलेले हे संरक्षण आपण सोड्याने खरवडून काढायला बसतो, आणि खाली उघडी, अधिक दुबळी कातडी पुन्हा उन्हात नेतो. यामागे आरोग्य नाही, काळेपणाची लाज आहे. २०२० मध्ये एका प्रसिद्ध गोरेपणाच्या क्रीमने नावातला 'फेअर' हा शब्द काढला, पण लग्नाच्या बाजारात मुलीचा रंग अजून विचारला जातोच. लग्नाआधी महिनाभर मुलीला उन्हात जाऊ न देणारी घरे शेतात राबणाऱ्या बाईच्या भाजलेल्या पाठीकडे पाहत नाहीत. रंगाच्या काळजीने जखमेची काळजी गिळली, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता त्या शहाणपणाकडे वळतो, ज्यासाठी हा लेख लिहिला. उन्हाशी कसे वागायचे हे आपल्या लोकांना अतिनील किरणांचे नावही माहीत नसताना बरोबर माहीत होते. शेतकरी पहाटे शेतावर जात आणि ऊन चढायच्या आत बांधावरच्या झाडाखाली येत. दुपारची वामकुक्षी आळसातून आली नव्हती. गोव्यात दुपारी दुकाने बंद ठेवण्याची रीत अजून टिकून आहे. डोक्याला मुंडासे, खांद्यावर उपरणे, बायकांचा डोक्यावरून पदर, विदर्भात कानांवरून गुंडाळलेला दुपट्टा, ही सारी कातडीच्या रक्षणाचीच साधने होती. जाड, घट्ट विणीचे सुती कापड किरण चांगले अडवते, विरळ किंवा ओले कापड बरेच कमी. पुण्याच्या रस्त्यांवर स्कार्फ आणि सनकोट घालून दुचाकी चालवणाऱ्या मुलींची लोक थट्टा करतात. त्या मुली या परंपरेच्या खऱ्या वारसदार आहेत.

सावलीच आपल्याला घड्याळही पुरवते. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तर किरण तीव्र आहेत, हा नियम जगभर सांगितला जातो. आपल्याकडे तर मे महिन्यात सूर्य नेमका डोक्यावर येतो. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सिंधुदुर्गात, मध्यावर पुण्या-मुंबईत आणि अखेरीकडे नागपूर-नंदुरबारकडे शून्य सावलीचा दिवस येतो. शाळांतून तो काठी उभी करून साजरा करतात, ते चांगलेच आहे. त्याच दिवशी मुलांना हेही सांगावे की सावली पायाखाली गेली म्हणजे ऊन सर्वांत घातक झाले. डोळ्यांसाठीही हे सांगायला हवे. आयुष्यभर अतिनील किरण सोसलेल्या डोळ्यांना मोतीबिंदूचा धोका वाढतो आणि त्यावर तर कोणताच लेप नाही.

सनस्क्रीन उपयोगी आहे, ज्यांना जमेल त्यांनी जरूर लावावे. पण बाटलीवर लिहिलेले संरक्षण मिळायला ते जाडसर थरात लावावे लागते, संपूर्ण अंगाला एका वेळी साधारण ३० मिली लागते आणि घाम आला की पुन्हा. ५० मिलीची नळी अशी वापरली तर दोन वेळांतच संपते. ऊसतोड करणारी बाई, वीटभट्टीवरचा मजूर, मिठागरात पांढऱ्या मिठाच्या लखलखाटात उभा असलेला कामगार, दुपारी दोन वाजता जेवण पोचवणारा पोरगा, यांना हा सल्ला देणे म्हणजे काहीच न देणे. त्यांना कोरफड सांगणे तर त्याहून वाईट, कारण त्यांना दुसऱ्या दिवशी त्याच उन्हात परत जायचे असते. ज्यांच्याकडे सावली निवडण्याची मुभा आहे त्यांच्यासाठीच आपण उपायांच्या याद्या लिहीत आलो.

याच महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी उभी केली आणि पुढे देशाने तिचे अनुकरण केले. २००५ च्या राष्ट्रीय कायद्याच्या अनुसूचीत कामाच्या जागी पिण्याचे पाणी, प्रथमोपचाराची पेटी आणि मुलांसाठी व विश्रांतीसाठी सावली असलीच पाहिजे, असे लिहिले गेले. सावली हा कामगाराचा हक्क म्हणून कायद्यात आला, ही मोठी गोष्ट होती. प्रत्यक्षात किती कामांवर मंडप दिसतो हे रस्त्याने जाणाऱ्या कुणालाही पाहता येते. आणि १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर एका सरकारी पुरस्कार सोहळ्यासाठी लाखो माणसे भर उन्हात तासन्‌तास बसली, उष्माघाताने १४ जण गेले. उष्माघात आणि कातडी भाजणे ही दोन वेगळी दुखणी आहेत, पण दोन्हींवरचा पहिला उपाय सावली हाच होता आणि तो त्या मैदानावर नव्हता. रस्ते रुंद करताना आपण कडेचे वड आणि चिंचा तोडतो, त्यांच्या जागी दुभाजकात शोभेची झुडपे लावतो, ज्यांची सावली कुणाच्या डोक्यावर पडत नाही.

म्हणून माझे मागणे घरच्या उपायांहून साधे आहे. तुमच्या घराचे बांधकाम चालू असेल, तुमच्या शेतात मजूर असतील, तुमच्या सोसायटीत माळी आणि रखवालदार असतील, तुम्ही शाळेच्या मैदानावर खेळ घेत असाल किंवा एखादा कार्यक्रम आखत असाल, तर एप्रिल-मेमध्ये काम सकाळी सहाला सुरू करा, अकराला थांबवा, उरलेले चारनंतर घ्या आणि मजुरी पूर्ण द्या. मधल्या वेळेसाठी ताडपत्रीचा का होईना मंडप घाला, पाण्याचा माठ त्याच्या सावलीत ठेवा, आणि जागा असेल तिथे येत्या पावसाळ्यात कडुनिंब किंवा चिंच लावा.